खुंटीवरच्या किल्ल्या

माकुणसारच्या आमच्या घराच्या पडवीत, आत जाताना डाव्या हाताला, एक जुनी सागवानी खुंटी आहे. बाबांच्या काळापासून घरातल्या किल्ल्या तिच्यावरच टांगल्या जातात. आज तिथे पाच किल्ल्या आहेत. त्यांतील चार बोईसरच्या माझ्या चार भाड्याच्या खोल्यांच्या जादा किल्ल्या होत. पाचवी एका पत्र्याच्या ट्रंकेची आहे आणि ती ट्रंक माझी नव्हे. तिची हकीकत शेवटी सांगेन.

गेल्या काही महिन्यांत आमच्या आळीतील तीन तरुण एकाच प्रश्नासाठी माझ्याकडे येऊन गेले. "अंकल, बोईसरला किंवा पालघरला एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा म्हणतो. फायद्याचे होईल का?" हा प्रश्न त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी लोकल गाडी डहाणूपर्यंत धावू लागली होती. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, आणि मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे एक स्थानक बोईसरला होऊ घातले आहे. जमिनीच्या आणि घरांच्या गोष्टी आता लग्नाच्या मांडवातही निघतात. १९९८ सालापासून मी घरमालक म्हणवून घेत आलो आहे. या काळात जे शिकलो, आणि विशेषतः जे चुकलो, ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

आमच्या घरातले पहिले घरमालक माझे बाबा. १९६६ साली गावात बदलून आलेल्या एका गुरुजींना त्यांनी पडवीलगतची खोली महिना आठ रुपयांनी दिली. गुरुजी रत्नागिरीकडचे होते. करार नाही, पावती नाही, अनामतही नाही. ते अकरा वर्षे राहिले. १९७७ साली बदली झाली तेव्हा त्यांनी स्वखर्चाने खोलीला चुना काढला, मोरीचा फुटलेला दगड बदलून घेतला आणि निघण्याच्या सकाळी दोन्ही हातांनी किल्ली बाबांच्या ओंजळीत ठेवली. बाबांचे डोळे भरून आले होते. मी तेव्हा पंचविशीचा होतो. भाडेकरू आणि मालक यांचे नाते असेच असते, अशी माझी समजूत त्या दिवशी झाली आणि पुढे ती मला महागात पडली.

त्या व्यवहारामागे किती गोष्टी उभ्या होत्या, हे मला फार उशिरा उमगले. गुरुजींची नोकरी ठाऊक होती, पगाराचा दिवस ठाऊक होता, शाळेतील त्यांचे वरिष्ठ बाबांच्या परिचयाचे होते. रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही कुटुंबे एकाच विहिरीवर भेटत. अशा ठिकाणी कागद नसला तरी चालून जाते. बोईसरला यांपैकी काहीच नव्हते.

तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. पुढे सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. जेथे भाताची खाचरे होती तेथे पत्र्याच्या चाळी उठल्या. खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा अशा दूरदूरच्या मुलखांतून माणसे आली. त्यांना पगार होता, पण छप्पर नव्हते. मी १९७९ साली एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो. सायकलने केळवे रोड, तेथून शटलने बोईसर, असा अठरा वर्षे प्रवास केला. त्या प्रवासात कामगारांच्या बोलण्यात दोनच विषय असत: ओव्हरटाइम आणि खोली.

१९८९ साली मी बोईसरला एक लहानसा बिनशेती भूखंड घेतला. घेण्यापूर्वी बाबांनी मला तीनदा तलाठ्याकडे पाठवले. सातबारा पाहा, फेरफार पाहा, बिनशेतीचा हुकूम डोळ्यांनी वाच आणि मूळ जमीन आदिवासीची नाही ना, याची खात्री कर, असे त्यांनी बजावले होते. या शेवटच्या सूचनेचे मोल आजच्या तरुणांना सांगायला हवे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने पूर्वमंजुरीवाचून विकत, गहाण किंवा भाडेपट्ट्याने घेणे निषिद्ध आहे. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पदोपदी येतो. स्वस्त मिळतो म्हणून घेतलेला तुकडा पुढे परत करावा लागतो. आणि ज्याच्याकडून तो घेतला त्या गरिबाची जमीन गेलेली असते, ती गोष्ट वेगळीच.

१९९७ साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. मी ती घेतली आणि हाती आलेल्या रकमेतून पुढील वर्षी चार खोल्या बांधल्या. त्या काळी घर भाड्याने देणे हे धाडस मानले जाई. मुंबईतील माझ्या मामांनी मला परोपरीने समजावले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने तेथील भाडी १९४० सालच्या पातळीला बांधली गेली होती. पुढे त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते तेही संरक्षित भाडेकरू ठरले. मामांच्या ओळखीच्या एका विधवा बाईंनी दोन वर्षांसाठी म्हणून दिलेली खोली त्यांना पुन्हा पाहायला मिळाली नव्हती. अशा अनेकांनी घरे कुलूपबंद ठेवणे पसंत केले. आमच्या गावांना तो कायदा कितपत लागू होता हे कोणी तपासले नाही, पण त्याची भीती मात्र विरार ओलांडून आमच्यापर्यंत पोहोचली होती.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा मार्ग त्यात घालून दिला आहे. मुदतीनंतर जो जागा सोडत नाही, त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालकाला दिलासा मिळाला तो असा. तथापि हा कायदा त्याच्या अनुसूचीतील क्षेत्रांना लागू आहे. आपली जागा त्यात मोडते की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली येते, हे एखाद्या जाणत्या वकिलाकडून आधीच पाहून घ्यावे.

आता फायद्याचा प्रश्न. पहिल्या वर्षाचा हिशेब माझ्या वहीत आजही आहे. जागा आणि बांधकाम मिळून ३ लाख ८० हजार रुपये खर्ची पडले होते. चार खोल्यांचे दरमहा ९०० प्रमाणे वर्षाचे ४३,२०० रुपये व्हायला हवे होते. खोल्या मधूनमधून रिकाम्या राहिल्या, त्यात पाच महिन्यांचे भाडे, म्हणजे ४,५०० रुपये, बुडाले. घरपट्टी, मोटरची दुरुस्ती, पाण्याची टाकी, उडालेले पत्रे आणि रंग यांवर ९,२०० गेले. हाती उरले २९,५००. म्हणजे गुंतवणुकीवर पावणेआठ टक्के. त्या वेळी बँक मुदत ठेवीवर दहा टक्क्यांहून अधिक व्याज देत होती, आणि बँकेचे पत्रे उडत नव्हते! पत्नीने हे आकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "मग हा खटाटोप कशासाठी?"

तिला माझ्यापाशी उत्तर होते, पण ते सिद्ध व्हायला दहा वर्षे लागली. ठेवीचे व्याज वाढत नाही, उलट पुढे ते घटले. भाडे मात्र महागाईच्या मागोमाग चालते आणि जमिनीचा भावही वाढतो. म्हणून जो पाच वर्षांत पैसे दुप्पट करू पाहतो त्याने या वाटेला जाऊ नये. जो वर्षाकाठी एक महिन्याचे भाडे बुडीत आणि एक महिन्याचे दुरुस्तीखाती धरूनही कर्जाचा हप्ता भरू शकतो, त्यानेच घर घ्यावे. बारा महिन्यांचे भाडे येईल असे गृहीत धरून हप्ता बांधून घेणारा तरुण पहिल्याच रिकाम्या महिन्यात घाबरतो, आणि घाबरलेला मालक वाईट वागतो. हे मी स्वानुभवाने सांगतो.

२००१ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. दुसऱ्या क्रमांकाच्या खोलीत एक वेल्डर राहत होता. बायको आणि दोन मुले, त्यांतले एक कडेवरचे. भाडे हजार रुपये झाले होते आणि चार महिन्यांचे थकले होते. अनामत होती तीन हजार. दर पाच तारखेला मी जाई आणि तो मान खाली घालून "पुढच्या महिन्यात" म्हणे. शेजारच्या एका चाळमालकाने मला सल्ला दिला, "पाणी बंद करा, आठ दिवसांत खोली मोकळी होते." मी त्याच्या खोलीकडे जाणाऱ्या नळाचा कॉक बंद केला आणि घरी निघून आलो.

दोन दिवसांनी पत्नीला बोईसरच्या बाजारात काही खरेदी करायची होती, म्हणून आम्ही दोघे गेलो. वाटेत सार्वजनिक हातपंपावर ती वेल्डरची बायको दिसली. काखेत मूल, हातात भरलेली बादली, आणि उन्हाची वेळ. पत्नी तिच्याजवळ थांबली, बोलली. मी दूर उभा राहिलो. परत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. त्या माणसाच्या उजव्या हातावर कारखान्यात आम्ल सांडले होते. तीन महिने तो कामावर नव्हता. ठेकेदाराचा माणूस असल्याने भरपाईची टोलवाटोलवी चालली होती. चार महिने मी दर पाच तारखेला त्याच्या दारात उभा राहून "कधी देणार?" एवढेच विचारले होते. पूर्ण बाहीचा शर्ट तो उन्हाळ्यात का घालतो, हे मला दिसलेही नव्हते.

"कॉक तुम्ही उघडता की मी उघडू?" पत्नीने विचारले. मी उघडला.

त्या वेल्डरने काम पुन्हा सुरू झाल्यावर पाच हप्त्यांत सगळी थकबाकी फेडली. मग दिवाळीच्या आधी त्याने खोली सोडली. अनामत मोजून घेतली. किल्ली त्याने माझ्या हातात दिली नाही; ओट्यावर ठेवली आणि सामानाच्या टेम्पोत जाऊन बसला. पुढे कळले की दोन गल्ल्या पलीकडे, माझ्यापेक्षा दीडशे रुपये अधिक भाडे देऊन, तो राहू लागला होता. ती किल्ली खुंटीवर अडकवताना मला गुरुजींची आठवण झाली, आणि बाबा हयात नाहीत याचे त्या एका दिवशी बरे वाटले.

पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा मानला आहे. मला ते तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी भीतीने थांबलो असतो एवढेच. तेव्हापासून एक नियम पाळतो. पहिल्या महिन्याचे भाडे चुकले की त्याच आठवड्यात जाऊन बसायचे आणि प्रथम घरचे क्षेम विचारायचे. अडचण खरी असेल तर हप्ते ठरवून दोघांच्या सहीने वहीत लिहायचे. खोटी असेल तर लेखी नोटीस द्यायची आणि कायद्याच्या वाटेने जायचे. चार महिने थांबायचे आणि मग सूड घ्यायचा, हा प्रकार दोघांनाही बुडवतो.

दुसरी चूक याच्या अगदी उलट होती. २००९ साली आपल्याच समाजातील एक गृहस्थ खोली मागायला आले. ओळखीचे आडनाव, दूरचे नातेही निघाले. "आपल्या माणसांत कागद कसला?" असे मीच म्हणालो. भाडे १,८०० ठरले. मी पावत्याही दिल्या नाहीत. वर्षभराने वाद झाला तेव्हा ते ठामपणे म्हणाले की भाडे १,२०० ठरले होते. वकिलाने माझ्यापुढे कायद्याचे कलम ५५ ठेवले. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा तो नसेल तर, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मी मुकाट्याने सहा महिने १,२०० घेतले. पैशांपेक्षा मोठे नुकसान असे झाले की पुढे एका लग्नात आम्ही समोरासमोर आलो आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिले. कागद केला असता तर ते नाते टिकले असते.

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. लिव्ह अँड लायसन्स कितीही मुदतीचे असो, नोंदणी हवीच. खर्चही फार नाही. भाडे महिना ४,००० आणि अनामत १०,००० असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क शंभर-सव्वाशे रुपयांच्या आत येते. मी शेवटचा करार केला तेव्हा ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये होती. आता ही नोंदणी संगणकावर घरबसल्याही होते. करारात भाडे, अनामत, वीजबिल कोणी भरायचे, किती माणसे राहणार आणि खोलीत काय काय दिले आहे, हे लिहावे. पंखा, ट्यूब, नळ, कड्या हे सारे मोजून यादी करावी. खोली देण्याच्या दिवशी भिंतींची छायाचित्रे घ्यावीत आणि ती भाडेकरूलाही द्यावीत. अनामतीवरून होणारी निम्मी भांडणे तेथेच मिटतात. प्रत्येक भाड्याची पावती द्यावी, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी आणि भाड्याचे उत्पन्न आयकराच्या विवरणात दाखवावे. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सूट मिळते, तेव्हा लपवण्याचे कारणही उरत नाही.

त्या प्रसंगानंतर "आपला माणूस" या शब्दाविषयी मी सावध झालो. खोली देताना मी आधी आडनाव विचारीत असे. २०१२ साली माझ्या मुलाला मुंबईच्या एका उपनगरात भाड्याने घर पाहायचे होते. एका सोसायटीत त्याचे नाव ऐकताच "आम्ही फक्त शाकाहारी कुटुंबांना देतो" असे सांगण्यात आले. त्याने ते हसत सांगितले, पण मला हसू आले नाही. आता मी तीनच गोष्टी विचारतो: काम कोठे करता, आधी कोठे राहत होता, तेथल्या मालकाला फोन करू का. सर्वांत चांगला भाडेकरू मला असाच मिळाला. तो धर्माने, जातीने, भाषेने माझा कोणी नव्हता. पाचव्या किल्लीची हकीकत त्याचीच.

तो एका पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, बिहारचा. सात वर्षे राहिला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कारखाने थांबले. १७ एप्रिल रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना केली. वाचायला हे सोपे होते. माझे स्वतःचे निवृत्तिवेतन तुटपुंजे, पत्नीची मधुमेहाची औषधे चालू आणि चार खोल्यांचे १४,००० रुपये हाच घराचा आधार. आम्ही दोघांनी रात्री वही उघडली. चार हजारांत महिना निघतो का, ते पाहिले. कसाबसा निघत होता. थोडी ठेव मोडावी लागणार होती. चौघांनाही फोन करून सांगितले की जमेल तेवढे द्या, उरलेले काम सुरू झाल्यावर पाहू. कोणी अर्धे दिले, कोणी काहीच दिले नाही. नंतर दोघांनी सगळे फेडले.

हा इलेक्ट्रिशियन मे महिन्यात श्रमिक गाडीने कुटुंबासह गावी गेला. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली आणि एक ट्रंक मागे राहिली. पुढच्या वर्षी त्याचा फोन आला. कारखान्याने परत बोलावले नव्हते. तो आता येणार नव्हता. त्याच्याकडे दोन महिन्यांचे ७,००० रुपये निघत होते आणि माझ्याकडे त्याची ८,००० अनामत होती. हिशेबाने त्याला हजार रुपयेच देणे लागत होतो. पत्नीने सुचवले की ज्या दोन महिन्यांत त्याला कामच नव्हते त्यांचे भाडे धरू नये. मी मान्य केले. वीजबिलाचे ६४० रुपये मात्र वजा केले, कारण ते मी भरले होते, आणि ७,३६० त्याच्या खात्यावर पाठवले.

मग त्याने संकोचून विचारले की ट्रंकेत मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, तो मिळेल का. शेजाऱ्यासमोर आम्ही ट्रंक उघडली. वरच दाखला होता. त्याखाली मुलीचा लोकरी स्वेटर, एक पितळी तांब्या, टेस्टर आणि पक्कड, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेल्या माझ्या सहीच्या सात वर्षांच्या सगळ्या भाडेपावत्या. दाखला मी रजिस्टर पोस्टाने पाठवला. बाकीचे सामान "कधी आलो तर नेईन" म्हणाला. खोली दुसऱ्याला द्यायची होती, म्हणून ट्रंक माकुणसारला आणून पडवीत ठेवली.

त्या तीन तरुणांना मी एवढेच सांगतो. जागेचे कागद स्वतः वाचा. हिशेब दहा महिन्यांचा धरा. करार नोंदवा, पावती द्या, आणि पाच तारखेला दारात गेलात तर आत बसून दोन शब्द बोला. घर घ्यायचे की नाही, ते मग तुमचे तुम्ही ठरवा. ते उठून जाताना पडवीतल्या ट्रंकेकडे पाहतात आणि ही कोणाची म्हणून विचारतात. भाडेकरूची, असे मी सांगतो. महिन्यातून एकदा तिच्यावरची धूळ पुसावी लागते.